दलाल स्ट्रीटवरचे तुटलेले आकडे

डिसेंबर २०१८ मध्ये मी पहिल्यांदा कॅमेरा घेऊन दलाल स्ट्रीटवर दोन तास घालवले आणि रात्री डोंबिवलीला घरी येऊन चित्रे संगणकावर उघडली, तेव्हा त्यांतल्या एकाही चित्रात सेन्सेक्स धड आलेला नव्हता. शेअर बाजाराच्या इमारतीवरील ज्या मोठ्या फलकाखाली उभे राहून मी माणसांचे फोटो काढले होते, त्या फलकावरचे आकडे कुठे अर्धे, कुठे नुसत्या आडव्या पट्ट्या, तर कुठे साफ काळे दिसत होते. कॅमेऱ्यात बिघाड झाला असावा अशी माझी पहिली समजूत झाली. दुसऱ्या दिवशी कार्यालयातील एका सहकाऱ्याने, जो लग्नसमारंभांचे छायाचित्रण करून चार पैसे मिळवतो, चित्रे पाहताच हसून सांगितले की कॅमेरा उत्तम आहे, मीच घाई केली आहे.

त्याचे म्हणणे असे होते, आणि नंतर मी ते वारंवार पडताळून पाहिले. एलईडीच्या फलकावरील सगळे दिवे एकाच वेळी पेटलेले नसतात. त्यांच्या रांगा आळीपाळीने इतक्या वेगाने पेटतात आणि विझतात की आपल्या डोळ्याला तो अखंड उजेड वाटतो. कॅमेऱ्याचा पडदा, म्हणजे शटर, एका सेकंदाच्या हजाराव्या भागापुरताच उघडला, तर त्या क्षणी जेवढ्या रांगा पेटलेल्या असतील तेवढ्याच चित्रात उमटतात आणि बाकीचा आकडा नाहीसा होतो. आकडा पूर्ण हवा असेल, तर पडदा सेकंदाच्या पन्नासाव्या किंवा साठाव्या भागाइतका वेळ उघडा ठेवावा लागतो. अडचण अशी की तेवढ्या वेळात फलकाखालून झपाझप चालणारा माणूस पुढे सरकलेला असतो, त्यामुळे त्याचा हात, त्याची पिशवी आणि बऱ्याचदा त्याचा चेहराही पुसट होतो. माणूस लख्ख धरला तर आकडा फुटतो आणि आकडा पुरा घेतला तर माणूस विरघळतो. या रस्त्यावर सात वर्षे फोटो काढताना मी बहुतेक वेळा आकडा फुटू दिला आहे. त्याला कारण आहे, पण त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

१९९४ ते १९९७ अशी तीन वर्षे मी या भागातील एका दलालाच्या पेढीत कारकून होतो. मराठी घरांतील वाणिज्य शाखेचे पदवीधर तेव्हा गुजराती आणि मारवाडी पेढ्यांमध्ये अशाच नोकऱ्या करत. सौदे मालक आणि त्यांचे पुतणे करायचे, आणि त्या सौद्यांचे कागद आम्ही सांभाळायचो. माझे काम सह्या जुळवण्याचे होते. विकणाऱ्याची ट्रान्स्फर फॉर्मवरची सही, फॉर्मवरील शिक्क्याची तारीख, शेअर प्रमाणपत्रावरचा फोलिओ क्रमांक, मागे चिकटवलेले ट्रान्स्फर स्टॅम्प, हे सगळे तपासायचे आणि एखादी सही जरा वेगळी वाटली की तो गठ्ठा बाजूला काढायचा. त्याला ‘बॅड डिलिव्हरी’ म्हणत. निवडक शेअरांचे वलण, म्हणजे सौद्यांची देवघेव पुरी करण्याची मुदत, पंधरवड्याचे असे, आणि वलणाच्या दिवसांत प्रमाणपत्रांचे गठ्ठे रेक्झिनच्या पिशव्यांमध्ये भरून या पेढीतून त्या पेढीत न्यावे लागत. त्या पिशव्यांचे वजन माझ्या उजव्या खांद्याला अजून आठवते. आता सौदा झाल्याच्या दुसऱ्या दिवशी शेअर खात्यात जमा होतात आणि त्यासाठी कोणाच्याही खांद्याची गरज पडत नाही.

दलाल समोरासमोर ओरडून सौदे करत त्या बाजारातील जागेला रिंग म्हणत. त्याच काळात मी ती रिंग पाहिली, म्हणजे तिचे शेवटचे महिने पाहिले. पेढीचे बिल्लेधारी कारकून आत जात आणि आम्ही दारापर्यंत त्यांच्यामागे निरोप घेऊन जात असू. आत शेकडो माणसे एकमेकांच्या अंगावर ओरडत असत. तळवा आपल्याकडे वळवलेला हात म्हणजे खरेदी आणि बाहेर वळवलेला हात म्हणजे विक्री. एवढ्या गोंगाटात कोणी कोणाशी काय ठरवले, हे दोघांनी आपापल्या छोट्या वहीत पेन्सिलीने खरडलेले असे आणि ते संध्याकाळी बहुतेक वेळा जुळत असे. १४ मार्च १९९५ रोजी ‘बोल्ट’ ही संगणकीय प्रणाली सुरू झाली आणि काही आठवड्यांत रिंग शांत झाली. ती ओरड थांबल्याचे मला तेव्हा काहीच वाटले नाही, कारण आमच्या पेढीत सगळ्यांना काळजी होती ती संगणक कोण चालवणार याची. माझ्याजवळ त्या रिंगचे, त्या पिशव्यांचे किंवा आमच्या पेढीच्या लाकडी जिन्याचे एकही छायाचित्र नाही. कॅमेरा घेण्याइतका पगार नव्हता हे खरे, पण असता तरी मी तो जिना टिपला असता असे वाटत नाही. ज्या जिन्यावरून दिवसातून दहादा चढावे-उतरावे लागते, त्याचा फोटो कोण काढतो?

या बाजाराचा इतिहास पाहिला, तर तो सतत उघड्यावरून बंदिस्त जागेत सरकत गेलेला दिसतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास टाउन हॉलसमोरच्या मोकळ्या जागेत, वडाच्या झाडाखाली दलाल जमत. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, त्या पैशांतून शेअरांचे वेड पसरले आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच ते कोसळले. १८७५ मध्ये ३१८ दलालांनी एक रुपया प्रवेशशुल्क भरून आपली संघटना स्थापन केली. त्याआधीच त्यांना ज्या रस्त्यावर हक्काची जागा मिळाली होती, त्या रस्त्याचे नावच दलाल स्ट्रीट पडले. पुढे सभागृह आले, मग १९८० मध्ये पूर्ण झालेला फिरोज जीजीभॉय टॉवर, म्हणजे बाजाराची आजची इमारत, आला, मग रिंगमधील माणसे संगणकांपुढे बसली आणि शेवटी ते संगणकही या रस्त्यावर असण्याचे कारण उरले नाही. नॅशनल स्टॉक एक्स्चेंज या दुसऱ्या शेअर बाजारामुळे उलाढालीचा मोठा भाग वांद्रे-कुर्ला संकुलाकडे गेला आणि दलालांच्या पेढ्या अंधेरीपासून माझ्या डोंबिवलीपर्यंत पसरल्या. थोडक्यात, आज दलाल स्ट्रीटवर उभे राहून शेअर बाजाराचे छायाचित्र काढायचे म्हटले, तर जे काढायचे ते तिथे दिसतच नाही. सौदे तारांमधून होतात आणि तारांचे छायाचित्र काढण्यात मला तरी रस नाही.

मग तिथे उरते काय, हे पाहण्यासाठी मी जाऊ लागलो. सध्या मी फोर्टमध्येच एका विमा कार्यालयात नोकरी करतो, त्यामुळे जेवणाच्या सुट्टीतील पाऊण तास आणि कधीमधी काढलेली अर्ध्या दिवसाची रजा एवढाच माझा छायाचित्रणाचा वेळ आहे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून उतरलेला लोंढा दादाभाई नौरोजी मार्गाने हुतात्मा चौकाकडे आणि चर्चगेटचा लोंढा वीर नरिमन मार्गाने त्याच चौकाकडे येतो. तिथून वाटा फुटतात आणि एक धार हॉर्निमन सर्कलला वळसा घालून मुंबई समाचार मार्गाने दलाल स्ट्रीटकडे जाते. बाजार सव्वानऊला उघडतो, परंतु रस्त्याचा दिवस त्याच्या कितीतरी आधी सुरू होतो. बर्फाच्या लाद्या पोत्यात गुंडाळून हातगाडीवरून येतात, चहावाल्याचा पोऱ्या किटली आणि कागदी पेल्यांची चळत घेऊन एका लिफ्टमधून दुसऱ्या लिफ्टमध्ये फिरतो, झेरॉक्सच्या दुकानांची शटरे वर जातात आणि रबरी शिक्के बनवणारा आपल्या फळीवर कालचे न नेलेले शिक्के मांडून ठेवतो. कोणत्या कंपनीचा शिक्का कोणी न्यायला आलेच नाही, याची त्याच्याजवळची माहिती एखाद्या विश्लेषकाच्या उपयोगी पडावी अशी आहे.

उजेडाचे वेळापत्रक बाजारापेक्षा कडक आहे. रस्ता अरुंद आणि दोन्ही बाजूंना इमारती, त्यामुळे ऊन थेट जमिनीपर्यंत फार थोडा वेळ पोहोचते. उरलेल्या दिवसभर समोरच्या काचांवरून उसळून आलेला उजेड मिळतो. हा परतलेला उजेड मला थेट उन्हापेक्षा जास्त आवडतो, कारण तो खालून आणि बाजूने येतो आणि माणसांच्या डोळ्यांखाली काळ्या खाचा पाडत नाही. हिवाळ्यात दुपारच्या वेळी एका इमारतीच्या काचेतून परतलेला उन्हाचा चौकोन समोरच्या भिंतीवर पडतो आणि काही मिनिटांत सरकून जातो. त्या चौकोनात कोणी येईल म्हणून मी जेवणाचा डबा न उघडता कितीतरी दुपारी उभा राहिलो आहे. एकदा त्यात एक डबेवाला आला, पण त्याच वेळी माझ्यासमोर एक मोटारसायकल उभी राहिली.

रस्त्यावरून काय नाहीसे झाले, हे माझ्यासारख्याला जास्त दिसते. माझ्या कारकुनीच्या दिवसांत इथल्या पदपथांवर नव्या भागविक्रीच्या अर्जांचे ढीग असत. प्लास्टिकच्या कागदावर रंगीबेरंगी अर्जांच्या चळती, वाऱ्याने उडू नयेत म्हणून वर ठेवलेले दगड आणि त्यांच्यामागे उकिडवा बसलेला विक्रेता, जो कोणत्या कंपनीचा अर्ज भरावा हे फुकटात सांगायचा. दुपारी माणसे तिथेच भिंतीला अर्ज टेकवून भरत. आता अर्ज मोबाइलवर भरला जातो आणि पैसे बँकेच्या खात्यातच अडवून ठेवले जातात. त्या पदपथांवर आता मोबाइलची कव्हरे आणि कानात घालायच्या तारा विकणारे बसतात. ते आपल्या मालावर तसेच दगड ठेवतात की काय हे पाहायला मी मुद्दाम गेलो होतो, तर त्यांनी कव्हरे जाळीला अडकवलेली होती.

हॉर्निमन सर्कलच्या बागेविषयी मात्र मला सविस्तर लिहिले पाहिजे, कारण माझी सर्वांत चांगली छायाचित्रे तिथली आहेत आणि त्यांतली निम्मी मी कोणालाच दाखवत नाही. दुपारी एक ते अडीच या वेळात त्या बागेत माणसे झोपतात. बाकांवर, झाडांच्या पारांवर, गवतावर वर्तमानपत्र पसरून, बूट उशाला घेऊन. कुरिअरची पोरे असतात, बँकांचे शिपाई असतात, दोन मुलाखतींच्या मधला वेळ काढणारे, गळ्यात टाय सैल करून बसलेले तरुण असतात आणि गेली कित्येक वर्षे एकाच बाकावर बसणारे दोन वृद्ध पारशी गृहस्थ असतात, जे झोपत नाहीत आणि बोलतही नाहीत. देशातील सर्वांत महागड्या जमिनींपैकी एका जमिनीवर माणसांना इतक्या निर्धास्तपणे घोरताना पाहिले की मला बरे वाटते. पण झोपलेल्या माणसाचा फोटो काढणे हा मला अजून न सुटलेला प्रश्न आहे. जागा माणूस हात आडवा करून नको म्हणू शकतो, निजलेला काही म्हणू शकत नाही. सुरुवातीची दोन वर्षे मी बिनदिक्कत काढत होतो. मग एकदा एका शिपायाने डोळे उघडले, माझ्याकडे पाहिले आणि काहीही न बोलता गळ्यातले ओळखपत्र उलटे करून परत डोळे मिटले. त्या दिवसापासून मी झोपलेल्यांचे चेहरे टिपत नाही. पाय, चपला, डोळ्यांवर पसरलेले गुलाबी आर्थिक वर्तमानपत्र, डब्याची पिशवी मनगटाला गुंडाळलेला हात, एवढ्यावर भागवतो. डोळ्यांवर सूर्य येऊ नये म्हणून शेअर बाजाराच्या भावांचे पान पांघरलेला माणूस हे चित्र मी इतक्या वेळा काढले आहे की आता ते माझेच मला विनोदी वाटत नाही.

छायाचित्रणाच्या परवानगीविषयी लोक नेहमी विचारतात. रस्ता सार्वजनिक आहे, पण हा रस्ता इतर रस्त्यांसारखा नाही. १२ मार्च १९९३ च्या शुक्रवारी दुपारी दीडच्या सुमारास मुंबईतील साखळी स्फोटांपैकी पहिला स्फोट याच शेअर बाजाराच्या इमारतीच्या तळघरात झाला. त्या दिवशी शहरात २५७ माणसे मृत्युमुखी पडली. पुढच्या वर्षी मी कामाला लागलो, तेव्हा आमच्या पेढीत त्या दुपारचा विषय निघाला की वडीलधारी माणसे उठून पाणी प्यायला जात. आजचे लोखंडी अडथळे, वाळूच्या गोण्या आणि बंदूकधारी पहारा त्या दुपारपासूनचे आहेत. त्यामुळे इमारतीच्या प्रवेशद्वारांकडे, सुरक्षा व्यवस्थेकडे किंवा पहारेकऱ्यांच्या चौक्यांकडे मी कॅमेरा वळवत नाही, आणि पोलिसाने विचारले तर कॅमेऱ्याची स्क्रीन त्याच्यासमोर धरतो. बहुतेक वेळा तो दोन-चार चित्रे पाहतो आणि ‘माझा एक काढा की’ असे म्हणतो. त्रास झाला तो दुसरीकडेच. जवळच्या गल्लीतील एका वित्तसंस्थेच्या दाराबाहेर पायरीवर बसून वडापाव खाणाऱ्या दोन सफाई कामगार बायकांचा, त्यांना विचारून, मी फोटो काढला, तर आतून कोट घातलेले एक गृहस्थ आले आणि संस्थेची प्रतिमा खराब होते म्हणून तो पुसून टाकण्यास त्यांनी मला भाग पाडले. मी वाद घातला नाही, कारण त्या दोघींच्या नोकरीचा प्रश्न होता. त्यांतली एक मात्र ते गेल्यावर म्हणाली, ‘दादा, आमचा फोटू पुसला, आता पायरी पण पुसायला आम्हालाच सांगतील.’

इमारतीच्या आवारातील पितळी रंगाचा बैल सर्वांना माहीत आहे. २००८ मध्ये बसवलेले हे ब्राँझचे शिल्प सोलापूरच्या भगवान रामपुरे यांचे आहे, हे मात्र तिथे सेल्फी काढणाऱ्या मराठी माणसांनाही बहुधा ठाऊक नसते. बैलाचे मी एकच चित्र ठेवले आहे. त्यात बैल जवळजवळ दिसतच नाही, त्याच्या वशिंडावर बसलेला कावळा तेवढा दिसतो.

आता त्या चित्राविषयी, जे वर्तमानपत्रांत दर मोठ्या घसरणीनंतर येते: एक माणूस, मान वर, हात कपाळावर, मागे फलक. हे चित्र इतके ठरून गेलेले आहे की घसरणीच्या दिवशी छायाचित्रकार ते घ्यायलाच येतात. मीही ते घेतले आहे. जून २०२४ मध्ये लोकसभा निवडणुकीच्या मतमोजणीच्या वेळी मी लागून दोन दिवस रजा काढली. ३ जूनला, मतदानोत्तर चाचण्यांच्या अंदाजांवर विसंबून, सेन्सेक्स सुमारे २,५०७ अंशांनी चढला आणि ४ जूनला प्रत्यक्ष निकाल येऊ लागताच सुमारे ४,३८९ अंशांनी कोसळला. मी दोन्ही दिवशी त्याच जागी, त्याच भिंतीला पाठ लावून, त्याच ३५ मिलिमीटरच्या भिंगातून फलकाकडे पाहणाऱ्या माणसांचे चेहरे टिपले. नंतर त्यांतील बारा चित्रांतून फलक कापून टाकला, ती छापली आणि कार्यालयातील आठ जणांसमोर ठेवून विचारले की यांतील चढत्या दिवसाची कोणती आणि पडत्या दिवसाची कोणती. कोणालाही धड सांगता आले नाही. ज्या चेहऱ्याला सर्वांनी एकमताने बुडालेला ठरवले, तो चढत्या दिवसाचा होता.

त्याचे कारण मी तिथे उभा असल्यामुळे मला माहीत होते. जूनच्या सुरुवातीला, पावसाच्या आधी, दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. फलक पाहायचा तर मान वर करावी लागते, मान वर केली की डोळ्यांत ऊन जाते, म्हणून कपाळावर हात येतो, भुवया आखडतात आणि तोंड किंचित उघडते. वर्तमानपत्राचा वाचक ज्याला हताशा म्हणून ओळखतो, ती तिरीप आहे. ४ जूनला तर रस्त्यावर गुंतवणूकदारांपेक्षा वाहिन्यांचे कॅमेरेच जास्त होते. शेअर असलेला माणूस त्या दिवशी आपल्या मोबाइलकडे पाहत कुठेतरी बसलेला होता, त्याला फलकाखाली येऊन उभे राहण्याचे कारण काय? मी ऐकले ते असे: एका छायाचित्रकाराने केळी घेऊन चाललेल्या एका माणसाला थांबवून ‘काका, जरा वर बघा ना’ अशी विनंती केली. काकांनी वर पाहिले, हात कपाळावर नेला आणि चित्र पूर्ण झाले. केळ्यांची पिशवी चौकटीबाहेर राहिली. मी त्या दोघांचे चित्र काढले आहे, पिशवीसकट. कोणाला उघडे पाडण्यासाठी ते काढलेले नाही, म्हणून चेहरे दिसत नाहीत असेच मी ते जपून ठेवले आहे.

खरे सांगायचे तर घसरणीचा चेहरा असतो तेव्हा तो रस्त्यावर नसतो. २३ मार्च २०२० च्या सोमवारी सेन्सेक्स ३,९३४ अंशांनी, म्हणजे १३ टक्क्यांहून अधिक पडला. मध्ये व्यवहार पाऊण तास बंद ठेवावे लागले. मी त्या दिवशी डोंबिवलीत घरी होतो, कारण आदल्या रात्रीपासून लोकल बंद झाल्या होत्या. माझ्या शेजारच्या घरात निवृत्त शिक्षक राहतात, ज्यांनी भविष्य निर्वाह निधीतील काही रक्कम म्युच्युअल फंडात घातली होती. त्या दुपारी ते गॅलरीत येऊन कुंड्यांना पाणी घालत होते. नेहमी ते सकाळी पाणी घालतात. मी खिडकीतून पाहिले आणि कॅमेरा कपाटातच राहू दिला.

शेवटी सँडविचवाल्या मामांविषयी लिहितो. ते मूळचे साताऱ्याकडचे, साठीच्या पुढचे, आणि त्यांची गाडी अशा ठिकाणी असते की त्यांच्या डाव्या खांद्यावरून फलक दिसतो. काकडी, टोमॅटो आणि उकडलेल्या बटाट्याच्या चकत्या ते न पाहता कापतात. हिरवी चटणी लावण्याची त्यांची पद्धत गवंड्याने गिलावा करावा तशी आहे. मी ज्यांचे फोटो काढतो त्यांना शक्य तिथे छापील प्रत देतो, तशी त्यांना दिली. ती त्यांनी प्लास्टिकमध्ये घालून गाडीच्या काचेला आतून चिकटवली. सुरी हवेत, काकडीची चकती सुटून पडत असलेली, मामांचा चेहरा लख्ख. मला ते चित्र फार आवडते. काही दिवसांनी मी सँडविच घ्यायला गेलो, तर मामांनी तक्रार केली.

‘साहेब, फोटो झकास आहे. पण गिऱ्हाईक विचारतंय, मागचा आकडा असा उंदरानं कुरतडल्यासारखा का?’

मी त्यांना दिव्यांच्या रांगा, पडद्याचा वेग, पन्नासावा भाग आणि हजारावा भाग हे सगळे समजावून सांगितले. मागे उभे असलेले गिऱ्हाईकही ऐकत होते. मामांनी ब्रेडला लोणी लावणे न थांबवता पूर्ण ऐकून घेतले.

‘म्हणजे मी हललो नाही तर दोन्ही येईल?’

‘येईल.’

‘मग तसं सांगायचं ना. मी उभा राहिलो असतो की गप.’

सात वर्षांत मला हे सुचले नव्हते, कारण रस्त्यावरच्या माणसाला थांबायला सांगायचे नाही हा माझा नियम होता आणि केळीवाल्या काकांनंतर तो अधिकच कडक झाला होता. पण इथे माणूस स्वतः सांगत होता. मी म्हटले, मग आत्ताच काढू. मामांनी फलकाकडे वळून पाहिले आणि मान हलवली. ‘आत्ता नको. आत्ता तो आकडा पण हलतोय. साडेतीन वाजू द्या.’

साडेतीनपर्यंत थांबणे म्हणजे साहेबांना फोन करून पोट बिघडल्याचे सांगणे होते, ते मी सांगितले. तिवई या रस्त्यावर लावता येत नाही, म्हणून विजेच्या पेटीच्या कडेवर रुमालाची घडी ठेवून तिच्यावर कॅमेरा टेकवला. तीन एकतीसला फलकावरचा मुख्य आकडा दिवसापुरता थांबला. मामांनी सुरी उचलली, टोमॅटोवर धरली आणि श्वास रोखला. पडदा सेकंदाच्या तिसाव्या भागापुरता उघडला. चित्रात सेन्सेक्स दशांशासकट पुरा आला आहे, मामांच्या भुवईचा पांढरा केस दिसतो आहे, आणि गाडीसमोर उभी असलेली चार गिऱ्हाइके, ज्यांना कोणीच थांबायला सांगितले नव्हते, धुरासारखी पुसट झाली आहेत. मामांनी ते कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर बारकाईने पाहिले, आकडा मोठ्याने वाचून खात्री करून घेतली आणि मग टोमॅटो कापला.